पहिल्या आवाजाला अनुमोदक लागतो

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना पाण्याचं वेगळं काही सांगायला नको. टॉवर झाले, त्या मानाने पाणी आलं नाही, आणि मार्च उजाडला की गेटबाहेर टँकर. आमच्याकडे पण काही वर्षांपूर्वी हेच चालू होतं. सकाळी साडेसहाला नळ बंद, मुलांचे डबे, ऑफिसची लोकल, आणि आंघोळीला एक बादली, ती पण आदल्या रात्री भरून ठेवलेली. कमिटी होती पण नुसती नावाला, मीटिंग व्हायची, भांडणं व्हायची, चहा-बिस्किटं व्हायची, पाणी काही यायचं नाही. मग एक नवीन सेक्रेटरी आले. नाव घेत नाही, आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणायचो.

भाऊंनी खरंच काम केलं हे आधी सांगते. टँकरवाल्याशी बसून रेट खाली आणला, टाकीची गळती शोधून काढली, कुठल्या विंगला कधी पाणी सोडायचं त्याचा टाइम लावला, रात्री दोनला पंप बंद पडला तर माणूस बनियनवर खाली उतरलेला असायचा. आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी बघतो." दिवसाचे तीन तास प्रवासात घालवून घरी आलेल्या माणसाला या वाक्याने किती बरं वाटतं ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल.

तीन वर्षांनी वार्षिक सभेत टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचा विषय आला. रक्कम मोठी, कोटेशन एकच. बी विंगमधे एक रिटायर्ड शिक्षिका राहतात, सगळे त्यांना बाई म्हणतात, त्यांनी उठून शांतपणे विचारलं की बाकीची दोन कोटेशनं कुठायत. क्लबहाऊसमधे एकदम चिडीचूप. मग मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, पाणी कुणामुळे मिळतंय ते विसरलात का?" भाऊ स्वतः काही बोलले नाहीत, फक्त दुखावल्यासारखं बघितलं. बाईंनी ठराव मांडला, किमान तीन कोटेशनं आल्याशिवाय काम देऊ नये. अध्यक्षांनी विचारलं, अनुमोदक कोण? कुणीच नाही. दोनदा विचारलं. मग विषय तिथेच संपला आणि भाऊंच्या ठरावाला हात वर करायला सांगितले तर सगळ्यांचे वर, माझाही.

त्या रात्री मी बाईंना मेसेज टाकला, तुम्ही बरोबर बोललात. दुसऱ्या दिवशी लिफ्टमधे भेटल्या तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "असे अकरा मेसेज आलेत मला."

ते अकरा मेसेज माझ्या डोक्यातून जात नाहीत. अकरा माणसं त्याच हॉलमधे होती, प्रत्येकाला वाटत होतं बाई बरोबर आहेत, आणि प्रत्येकाला वाटत होतं की असं वाटणारे आपण एकटेच. हुकूमशाही म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रणगाडे येतात, बाल्कनीतून भाषण करणारा मिशीवाला माणूस येतो. पण ती जिथे मूळ धरते ती जागा मला आता या अकरा मेसेजांसारखीच दिसते, आणि यावर गेल्या शंभर वर्षांत जगभर बराच अभ्यास झालाय, तो जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते.

आधी भाऊंसारख्या माणसाचा करिश्मा म्हणजे काय ते बघू. जर्मनीत मॅक्स वेबर नावाचे समाजशास्त्रज्ञ होते, १९२० साली वारले. त्यांनी विचारलं की माणूस दुसऱ्याचं का ऐकतो? मारायच्या भीतीने ऐकतो ते सोडा, मनापासून का ऐकतो? त्यांना तीन कारणं दिसली. एक म्हणजे परंपरा, गावचा पाटील सांगतो, त्याच्या बापाचं ऐकत होतो म्हणून त्याचंही ऐकायचं. दुसरं म्हणजे नियम, तहसीलदार बदलून गेला तरी त्या खुर्चीतल्या नवीन माणसाची सही चालते, कारण आपण माणसाला मानत नाही, पदाला मानतो. आणि तिसरं, या माणसात काहीतरी वेगळं आहे असं वाटणं, त्याला त्यांनी करिश्मा म्हटलं. वेबर यांचा खरा महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. करिश्मा हा त्या माणसाच्या अंगात असलेला गुण आहे की नाही याने फरक पडत नाही, लोक तो मानतात की नाही यावर तो उभा असतो. म्हणजे तो आपण दिलेला असतो. आणि म्हणून तो टिकवायला लागतो, दर थोड्या दिवसांनी काहीतरी करून दाखवायला लागतं, चमत्कार नाहीतर संकट. पाण्याचा प्रश्न पूर्ण सुटला तर भाऊंची गरज कमी होणार, देशाचं पण तसंच. ज्या नेत्याची सगळी सत्ता त्याच्या व्यक्तिमत्त्वावर उभी आहे त्याच्या राज्यात संकट कधी संपत नाही, एक शत्रू गेला की दुसरा तयार असतो.

करिश्मा वाईटच असतो असं मात्र मी म्हणत नाहीये. स्वातंत्र्याची चळवळ काय नुसत्या नियमांवर उभी राहिली का, लोकांना घराबाहेर काढायला कुणीतरी लागतंच. प्रश्न असा असतो की त्या माणसाला नाही म्हणायची सोय शिल्लक आहे का.

आता गप्प बसण्याकडे येऊ, कारण माझ्या मते सगळा जीव तिथे आहे. ठाणे स्टेशनला कधीतरी बघा, प्लॅटफॉर्मवर सगळे शांत उभे असतात आणि अचानक चार माणसं पुलाकडे पळायला लागतात, आणि घोषणा नीट ऐकू आलेली नसताना आपण पण पळतो. त्यात मूर्खपणा काही नाही, चार माणसं पळतायत म्हणजे गाडी दुसरीकडे लागत असणार हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. दुसऱ्याकडे बघून वागण्याचा हा एक प्रकार, इतरांना माहिती असेल म्हणून. पण दुसरा एक प्रकार आहे तो वेगळाच, तिथे आपल्याला माहिती असतं की बरोबर काय आहे, तरी आपण वेगळं पडू नये म्हणून सगळ्यांसारखं करतो.

हे किती खोल आहे ते अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. प्रयोग अगदी साधा होता. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्या कार्डावर तीन, पहिल्या रेघेएवढी कुठली ते सांगायचं. शाळेतलं पोरगं पण चुकणार नाही. खोलीत सात-आठ जण बसलेले, पण त्यातला एकच खरा, बाकीचे सगळे आधी पढवून ठेवलेले, आणि ठरलेल्या फेऱ्यांना ते एकामागोमाग एक सगळे चुकीचं उत्तर देणार. खऱ्या माणसाची पाळी शेवटाकडे. एकटं बसून उत्तर देताना लोक जवळजवळ चुकतच नव्हते. या खोलीत मात्र साधारण चारातले तीन जण निदान एकदा तरी सगळ्यांबरोबर चुकीचं उत्तर देऊन बसले, आणि अशा फेऱ्यांमधली एकूण उत्तरं बघितली तर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास चुकली. डोळ्यासमोर रेघ दिसतेय तरी. आणि इथे कुणी धमकी दिली नव्हती, बक्षीस पण नव्हतं.

बरं, उलट बाजूने पण बघायला पाहिजे, दोन तृतीयांश उत्तरं बरोबरच आली होती आणि चौथा हिस्सा माणसं एकदाही हलली नाहीत. माणूस म्हणजे मेंढरू असं या प्रयोगावरून म्हणणं चूक आहे. मला त्यातला सगळ्यात मोठा भाग वाटतो तो वेगळाच. अ‍ॅश यांनी त्या पढवलेल्या टोळीतल्या एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. फक्त एकाला, बाकी सगळे खोटंच बोलतायत. तर चुकीच्या उत्तरांचं प्रमाण घसरून आधीच्या चौथ्या हिश्श्यावर आलं. एका माणसाने.

म्हणजे आमच्या सभेच्या भाषेत, अनुमोदक.

असंच दुसरं एक काम आहे, येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ मधे सुरू केलेलं. करड्या रंगाचा कोट घातलेला माणूस सांगतो की समोरच्याने चुकीचं उत्तर दिलं की त्याला शॉक द्या, दरवेळी वाढवत न्या, भिंतीपलीकडून ओरडणं ऐकू येतं (शॉक खरे नव्हते, ओरडणं पण नाटक होतं, पण बटण दाबणाऱ्याला ते माहिती नव्हतं). ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो आणि लोक सुन्न होतात. पण त्याच मालिकेत एक फेरी अशी होती की बटण दाबणाऱ्याच्या जोडीला आणखी दोघे बसवलेले, आणि ते आधीच ठरवून मधेच उठतात, आम्ही नाही करणार म्हणतात. तिथे ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. तोच कोट, तेच बटण, तोच माणूस सांगतोय. बदललं काय तर शेजारी कोणीतरी उठून उभं राहिलं.

आता हे सोसायटी आणि प्रयोगशाळेतून बाहेर काढून देशावर आणू. लोक अशा नेत्याकडे जातात कधी? पोट भरलेलं आहे, उद्याची खात्री आहे, तेव्हा सहसा नाही. कॅरेन स्टेनर या संशोधक म्हणतात की सगळं एकसारखं असावं, वेगळं बोलणाऱ्याला गप्प करावं अशी ओढ काही माणसांच्या स्वभावात जास्त असते, काहींच्या कमी, पण ती एरवी झोपलेली असते, आपलं जग विस्कटतंय, आपल्यात एकी उरली नाही असं वाटायला लागलं की ती जागी होते. मला यात अजून एक गोष्ट घालावीशी वाटते ती म्हणजे थकवा. ज्याचा पगार ईएमआयमधे जातो, जो सकाळी सातला निघून रात्री नऊला येतो, त्याला रविवारी सभेला बसून हिशोब तपासायचा कंटाळा येणार, आणि यात त्याचा दोष काय? अशा माणसाला द्वेष शिकवावा लागतो असं मला वाटत नाही. त्याला फक्त "मी बघतो" म्हणणारा कुणी लागतो. द्वेष नंतर येतो, त्या माणसाला कुणी प्रश्न विचारला की.

जर्मनीचं उदाहरण सगळे देतात पण त्यातले आकडे फार कमी लोक बघतात. मे १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला २.६ टक्के मतं होती, म्हणजे कुणी मोजत पण नव्हतं. मग जागतिक मंदी आली, कारखाने बंद पडले. सप्टेंबर १९३० मधे १८.३ टक्के. १९३२ पर्यंत बेकार साठ लाखांच्या घरात गेले आणि त्या जुलैत मतं ३७ टक्क्यांवर. हा त्याचा खुल्या निवडणुकीतला सगळ्यात वरचा आकडा, म्हणजे दहातल्या सहा जणांनी तेव्हाही त्याला मत दिलं नव्हतं. नोव्हेंबर १९३२ मधे तर ३३ वर खाली आला. लोकांनी बहुमताने हिटलरला डोक्यावर घेतलं असं आपण ऐकत आलोय, पण ३० जानेवारी १९३३ ला त्याला चान्सलर नेमलं ते राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी, आणि त्यांना तसं पटवणाऱ्यांमधे फ्रान्झ फॉन पापेन यांच्यासारखे जुने, प्रतिष्ठित, पुराणमतवादी पुढारी होते. त्यांचा हिशोब होता की याची गर्दी आपण वापरू आणि याला आपण कह्यात ठेवू. पुढे महिन्याभरात संसदेला आग लागली, दुसऱ्याच दिवशी वटहुकूम काढून भाषणाचं, सभेचं, पत्रांच्या गुप्ततेचं स्वातंत्र्य थांबवलं, आणि २३ मार्च १९३३ ला संसदेने स्वतःच्या हाताने कायदे करायचा अधिकार सरकारला देऊन टाकला. ४४४ विरुद्ध ९४. कम्युनिस्ट खासदार आधीच तुरुंगात नाहीतर भूमिगत. बाहेर गणवेशातल्या टोळ्या घोषणा देत उभ्या. कॅथॉलिकांच्या सेंटर पार्टीने मन मारून हो म्हटलं. विरोधात मत दिलं ते फक्त सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या ९४ जणांनी, त्यांच्या वतीने ओटो व्हेल्स उठून बोलले. त्यांना दुसऱ्या पक्षातून अनुमोदक मिळाला नाही.

याच्यासमोर बेल्जियम ठेवा. तिथे पण १९३६ मधे लिऑन डेग्रेल नावाच्या तरुण, देखण्या, फर्ड्या वक्त्याच्या रेक्स पक्षाने पहिल्याच फटक्यात २१ जागा घेतल्या होत्या. डेग्रेल स्वतः कॅथॉलिक वळणाचा, म्हणजे कॅथॉलिक पक्षाचीच मतं खाणारा. पुढच्या वर्षी ब्रुसेल्सच्या पोटनिवडणुकीत तो उभा राहिला तेव्हा कॅथॉलिक, लिबरल, सोशालिस्ट, अगदी कम्युनिस्टसुद्धा, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, सगळे पंतप्रधान पॉल व्हान झीलांड यांच्या मागे उभे राहिले आणि डेग्रेल दणकून पडला. संकट तेच, मंदी तीच, नेता तसाच. जे आपल्याला वैचारिक दृष्ट्या जवळचे आहेत त्यांनीच "हा आमचा नाही" म्हटलं की फरक पडतो. परक्याने म्हटलेलं लोक ऐकत नाहीत, विरोधक तर बोलणारच म्हणतात.

आता आपल्याकडे. आणीबाणी. १२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली, २५ जूनच्या रात्री आणीबाणी लागली, विरोधी नेते रातोरात आत, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष देवकांत बरुआ म्हणाले होते की इंदिरा म्हणजे इंडिया. आणि हे पण खरं सांगायला पाहिजे की सामान्य माणसाला सुरुवातीला त्यात काही वाईट दिसलं नाही. ऑफिसात लोक वेळेवर यायला लागले, गाड्या वेळेवर धावायला लागल्या असं आजही जुने लोक सांगतात, आणि आपल्या ठाणेकरांना गाडी वेळेवर म्हटल्यावर अजून काय पाहिजे. मला त्या लोकांचा राग येत नाही. फक्त त्या वेळेवर धावणाऱ्या गाडीत तुरुंगातल्या माणसाच्या घरचे पण बसलेले असतात आणि ते काही बोलू शकत नाहीत, ते शेजारच्याला दिसत नाही एवढंच.

एप्रिल १९७६ मधे सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न आला की आणीबाणीत माणसाला बेकायदा पकडलं तर तो कोर्टात दाद मागू शकतो का. पाच न्यायमूर्ती, चौघे म्हणाले नाही. एकटे हंसराज खन्ना म्हणाले हो. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीश व्हायची पाळी त्यांची होती, त्यांना डावलून कनिष्ठाला नेमलं आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यांचं मत त्या दिवशी हरलं. ते शेवटी उचललं गेलं २०१७ मधे, खाजगीपणाच्या हक्काच्या निकालात सुप्रीम कोर्टाने तो चौघांचा निकाल मोडीत काढला तेव्हा. ४१ वर्षं लागली.

पण त्याच काळात आपल्या महाराष्ट्रात एक प्रसंग झाला तो शाळेत शिकवायला पाहिजे. डिसेंबर १९७५, कऱ्हाडचं साहित्य संमेलन, अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण तिथे हजर. आणीबाणीवर जाहीर बोलायची सोय नाही. आणि दुर्गाबाईंनी लेखकाच्या स्वातंत्र्यावर बोलून, मुंबईत जसलोकमधे आजारी असलेल्या जयप्रकाश नारायणांसाठी सगळ्या मंडपाला प्रार्थना करायला लावली. विचार करा, यात केवढी गोष्ट झाली. त्या मंडपातल्या हजारो माणसांना आपल्या मनातलं मनातच ठेवून आलोय असं वाटत होतं, आणि त्या एका क्षणात प्रत्येकाला डावीकडे-उजवीकडे बघून कळलं की अरे, हा पण आपल्यासारखाच आहे. दुर्गाबाईंना पुढच्या वर्षी अटक झाली. मार्च १९७७ मधे निवडणूक झाली तेव्हा इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीतून हरल्या. त्या मंडपामुळे त्या हरल्या असं मी म्हणत नाही, उत्तरेत सक्तीच्या नसबंदीचा राग होता, बरंच काही होतं. पण गप्प माणसं किती आहेत ते सरकारलाही कळलेलं नव्हतं आणि त्या माणसांना स्वतःलाही. भीतीच्या राज्यात सगळ्यात आधी खरी माहिती मरते. सगळे हो म्हणतात म्हणून वरच्याला वाटतं लोक खूश आहेत.

बाबासाहेबांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. २५ नोव्हेंबर १९४९, घटना समितीतलं त्यांचं शेवटचं मोठं भाषण. त्यात ते म्हणतात की धर्मात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास रस्ता आहे. थोर माणसाबद्दल कृतज्ञ राहण्यात काही चूक नाही, पण कृतज्ञतेला मर्यादा असते असंही त्यांनी तिथेच सांगितलं. "पाणी कुणामुळे मिळतंय विसरलात का" या वाक्याला याहून चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही. आणि नेत्यालाही स्वतःबद्दल हे कळू शकतं. नोव्हेंबर १९३७ मधे कलकत्त्याच्या मॉडर्न रिव्ह्यूमधे चाणक्य या नावाने एक लेख आला होता, की या जवाहरलालपासून सांभाळा, गर्दीने असंच डोक्यावर घेतलं तर हा हुकूमशहा व्हायला वेळ लागणार नाही. लिहिणारे स्वतः नेहरूच होते.

हल्ली रणगाडे लागत नाहीत. निवडून येऊनच सगळं करता येतं, आणि हेच समजायला अवघड जातं, कारण मतदान होत असतं, कोर्ट असतं, पेपर येत असतो. पेरूमधे अल्बेर्तो फुजिमोरी १९९० मधे रीतसर निवडून आले. महागाईने कहर केलेला, शायनिंग पाथ या माओवादी संघटनेचे बॉम्ब फुटत होते. ५ एप्रिल १९९२ ला त्यांनी सैन्याच्या जोरावर संसद बंद केली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, जनमत चाचण्यांमधे पाठिंबा भरभरून होता. सप्टेंबरमधे त्या संघटनेचा म्होरक्या पकडला गेला आणि लोक म्हणाले बघा, संसद बंद केली म्हणून झालं. खरं म्हणजे त्याला पकडलं ते पोलिसांच्या एका छोट्या तपास पथकाने, शांतपणे पाळत ठेवून, कचऱ्याच्या पिशव्यासुद्धा तपासून, आणि ते पथक फुजिमोरी सत्तेवर यायच्या आधीच तयार झालेलं होतं. श्रेय मात्र एका माणसाला. २००० मधे भ्रष्टाचार उघडा पडल्यावर ते जपानमधे गेले आणि तिथून फॅक्सने राजीनामा पाठवला, २००९ मधे मानवी हक्कांच्या गुन्ह्यांसाठी २५ वर्षांची शिक्षा झाली.

हंगेरीत तर एवढंही करावं लागलं नाही. २०१० मधे व्हिक्टर ओर्बान यांच्या आघाडीला निम्म्याहून थोडी जास्त मतं आणि दोन तृतीयांश जागा मिळाल्या, तेवढ्यावर नवीन राज्यघटना झाली, निवडणुकीचे नियम बदलले, आणि न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून एकदम ६२ केलं, म्हणजे जुने न्यायाधीश एका फटक्यात घरी. २०१२ मधे युरोपच्या न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं, पण तोवर बऱ्याच खुर्च्या भरून झाल्या होत्या. यातलं प्रत्येक पाऊल वेगळं बघितलं तर छोटं आणि कायदेशीर. मॅच चालू आहे, फक्त अंपायर बदललाय.

म्हणून मी आता नेता कसा बोलतो याच्याकडे कमी बघते. तो कुठल्या पक्षाचा, कुठल्या रंगाचा, मला आवडतो की नाही, हे पण बाजूला ठेवते, आवडत असेल तर जास्तच जपून बघते. मी बघते की त्याला प्रश्न विचारणाऱ्याचं काय होतं. प्रश्नाला उत्तर मिळतं की विचारणाऱ्याची जात, गाव, पगार, हेतू निघतो. नियम "फक्त या वेळेपुरता" बाजूला ठेवायला सांगितला असेल तर तो परत कधी आला का. हिशोब कोण तपासतं आणि त्या तपासणाऱ्याला कोण नेमतं. आणि खाजगीत लोक एक बोलतात आणि ग्रुपवर दुसरं, असं किती आहे. हा फरक जेवढा मोठा तेवढं प्रकरण पुढे गेलेलं.

आमच्या इथे हा फरक वाढतच गेला. त्या सभेनंतर सोसायटीच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन मेसेज टाकू शकतील असं सेटिंग झालं, कारण काय तर उगाच वाद नकोत. बाईंशी लोक वाईट वागले असं नाही, पण गणपतीत आरतीला त्या आल्या की आजूबाजूला जरा जागा मोकळी राहायची. कुणी ठरवून करत नव्हतं. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वरच्या मजल्यांवर सगळीकडे पाणी गळायला लागलं, नवीन वॉटरप्रूफिंग केलेलं असून.

पुढची वार्षिक सभा सप्टेंबरच्या शेवटी, कायद्याने ३० तारखेच्या आत घ्यायची म्हणून रविवारी घाईघाईत. बाईंनी पुन्हा तोच ठराव लिहून आणला होता, अक्षर तेच, वहीचा कागद. अध्यक्षांनी वाचला आणि सवयीने विचारलं, अनुमोदक कोण? मी म्हटलं, मी. आवाज नीट बाहेर आला नाही म्हणून उभी राहून परत म्हटलं. आणि मग तिसऱ्या रांगेतले ए विंगचे काका म्हणाले माझं पण नाव घाला, आणि मग एक मुलगा, भाड्याने राहतो, त्याला मत पण नाही, तो म्हणाला मला पण बोलायचंय. दहा मिनिटांत इतके लोक बोलायला लागले की अध्यक्षांना टेबल वाजवायला लागलं.

भाऊंनी एक पैसा खाल्ला नव्हता, हे हिशोब बघितल्यावर स्पष्ट झालं. ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरवर विश्वास टाकला होता आणि त्याने फसवलं होतं, आणि काम चालू असताना टेरेसवर हलका माल चढताना निदान चौघांनी बघितला होता, त्यातले एक तर स्वतः सिव्हिल इंजिनिअर. भाऊ सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी त्या इंजिनिअरकडे बघून विचारलं, "तुम्हाला दिसत होतं तर मला सांगितलं का नाही तुम्ही?"

ते म्हणाले, "भाऊ, तुम्हाला सांगायची सोय कुठे ठेवली होती आम्ही."